फेरफोनबाईंचा अर्ज

सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हायचं खूळ बाईंच्या डोक्यात शिरलं, तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं की दप्तर कधी आणायचं.

अनुभवी विज्ञान-पत्रकारांसाठी पाठ्यवृत्ती निघाली होती. नऊ महिने कामातून सुट्टी, विद्यापीठात बसून हवं ते शिकायचं. वीस वर्षं दैनिकाचं विज्ञानाचं पान एकहाती ओढणाऱ्या बाईंना ती मनापासून हवी होती. घोडं अडलं ते शिफारसपत्रावर. ते शास्त्रज्ञाचंच हवं होतं, आणि बाईंचं काम पहिल्यापासून पाहिलेला शास्त्रज्ञ एकच होता. औषधांवर संशोधन करणारे हे म्हातारे प्राध्यापक, आणि त्यांच्याच संशोधनाचा बाईंनी एकदा पार विचका केला होता.

अमुक गोळीने धोका तिप्पट होतो, असं बाईंनी ठोकून दिलं होतं. म्हणजे दहा हजारांत एकाऐवजी तिघांना, हे लिहायचं राहिलं. लोकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. प्राध्यापकांनी बाईंना फोनवर फैलावर घेतलं. बाईंनी चुकीची दुरुस्ती पहिल्या पानावर छापायला लावली आणि तेव्हापासून एक शिरस्ता पाडला. लेख छापायला जाण्याआधी ज्याचं वाक्य त्याला फोनवर वाचून दाखवायचं आणि विचारायचं, काही चुकलंय का? पान रखडायचं, संपादक डोक्याला हात लावायचे, पण बाई हटायच्या नाहीत. कचेरीत त्यांचं नावच फेरफोनबाई पडलं.

त्यांनी धीर करून पत्र मागितलं. प्राध्यापक नुसतं ‘बघू’ म्हणाले. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत होती. शुक्रवारची दुपारही कोरडीच गेली, तशी बाईंनी आशा सोडली आणि पानाच्या कामाला लागल्या. चार वाजता फोन वाजला.

पत्र वाचतो, ऐका, असं म्हणून प्राध्यापकांनी सुरुवातच केली. एक वाक्य वाचायचे, थांबायचे आणि विचारायचे, काही चुकलंय का? बाईंना हसू आवरेना.

“‘गेल्या बारा वर्षांत यांच्या लेखांत मला एकही चूक सापडली नाही.’ काही चुकलंय का?”

एवढं कौतुक मुकाट्याने पदरात घ्यावं की नाही? पण सवय जाते थोडीच.

“चुकलंय, सर. तो गोळीचा लेख.”

“त्याला तेरा वर्षं झाली. मी मोजून बारा लिहिलीत. पुढचं ऐका. ‘त्याआधी एक चूक झाली. तिप्पट हा शब्द मीच फोनवर बोललो होतो. कितीतले किती, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. दुरुस्तीत मात्र त्यांनी दोष एकटीने अंगावर घेतला.’”

बाईंच्या टेबलाच्या खणात त्या दिवसाची वही अजून होती. तिच्यात तिप्पट एवढंच लिहिलेलं होतं. ती त्यांनी कुणालाही दाखवली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही.

“काही चुकलंय का?” प्राध्यापकांनी विचारलं.

“कितीतले किती, हे मी विचारायला हवं होतं, सर.”

“बरं, तेही घालतो,” ते म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून वाचू?”

सहाला अजून दीड तास होता. बाई म्हणाल्या, वाचा.