वेवजीच्या वळणावरचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. पोट रबराचं, तोंड पितळेचं. पोट दाबलं की तोंड उघडतं. कुणी दाबल्याशिवाय आपल्या मनाने बोलायची सोय माझ्यात ठेवलेलीच नाही. मित्रांनो, डहाणू रोड स्टेशनाजवळ एक भंगारवाला आहे, त्याच्या दारातल्या खिळ्याला मी हल्ली टांगलेला असतो. शाळा सुटली की येता-जाता मुलं मला दाबून बघतात. रबराला भेग पडल्यामुळे आवाज येत नाही, नुसता वारा येतो, आणि मुलं हसतात. हसू द्या. एके काळी माझ्या आवाजावर डोंगरापर्यंतचे पाडे उठत होते.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. पितळेचा पत्रा वळवून, घासूनपुसून मला चकचकीत केलं आणि एका लांब नाकाच्या मोटारगाडीला ड्रायव्हरच्या खिडकीशी बसवलं. त्या काळी आडमार्गावर प्रवासी नेणाऱ्या खाजगी मोटारी चालत. आमची गाडी डहाणू रोडहून निघे, तलासरीवरून वेवजीला जाई, झाईला दर्याकाठी टेके आणि आल्या वाटेनेच परत फिरे. ड्रायव्हर होता एकनाथ. स्वतः फार कमी बोलायचा, त्याचं सगळं बोलणं मलाच करावं लागे.

वेवजीच्या अलीकडे एक चढाचं वळण आहे. तिथे एकनाथ मला जाताना दाबायचा, येताना नाही. नव्या माणसाला हे उलटं वाटे. पण त्या बाजूच्या पाड्यांवर घड्याळ कुणाकडे होतं? जाताना भोंगा झाला की लोक हातातलं काम ठेवत, पोरांची तोंडं धूत, कोंबडी टोपलीत बांधत आणि सावकाश उतरून वळणावरच्या चिंचेखाली येऊन बसत. तोवर गाडी झाईहून परत येई. जाणाऱ्या गाडीला कुणी हात करत नसे. हात कशाला करायचा? ती परत येणारच होती. एखादी म्हातारी अजून बांधावरच दिसली, तर एकनाथ इंजिन चालू ठेवून विडी पेटवायचा. भोंगा झाला आणि माणूस मागे राहिलं, असं त्याच्या हातून कधी घडलं नाही. मला याचा केवढा गर्व! रबरच ते, फुगायला कितीसा वेळ लागतो?

मग त्रेपन्न सालचा नाताळ आला. नाताळात कचेऱ्या बंद, शाळा बंद, म्हणून आमचा मालक दरवर्षी फेऱ्या तोडायचा आणि तेवढ्या दिवसांचा पगार ड्रायव्हर-कंडक्टरांना द्यायचा नाही. त्या वर्षी सगळ्यांनी मिळून सांगितलं, "पगार कापायचा असेल तर आम्ही गाडीच काढत नाही." संप झाला. एकनाथने जाताना मला फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "गप्प बस आता थोडे दिवस." त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याच्याही घरी चूल होती.

गाडी बंद झाल्याची बातमी पाड्यांवर पोचली आणि लोक पायी चालू लागले. चालण्याचं त्यांना काही नवल नव्हतं.

वेवजीच्या एका पाड्यावर जानी नावाची बाई राहत होती. तिचा एकुलता एक मुलगा लक्ष्या गवताच्या गंजीवर काम करताना वरून पडला. बापाने त्याला बैलगाडीत घालून डहाणूच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाठीचा कणा दुखावलाय, मुंबईला न्यायला हवं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आगगाडीने जायचं ठरलं. लक्ष्याने एकच धोशा लावला होता, "आयला बोलवा." सोबत आलेला शेजारचा लहान्या निरोप घेऊन त्याच दिवशी पाड्यावर गेला, आणि सकाळी जानीला घेऊन डहाणूच्या वाटेला लागला. दोघं झपाझप चालत होती. तशीच चालत राहिली असती, तर आगगाडीच्या आधी नक्की पोचली असती.

पण त्याच सकाळी मालकाने एक परका ड्रायव्हर आणून आमची गाडी बाहेर काढली. पाड्यांसाठी नव्हे. डहाणू रोडला सूर्यकांत नावाचे रेल्वेतले कारकून होते, त्यांच्याकडे मुंबईचे पाहुणे सुट्टीला आले होते. चार घरांनी मिळून झाईचा दर्या बघायला गाडी ठरवली. माणसं भली होती. गाडीत चिवड्याचे डबे होते, गाणी चालली होती. सूर्यकांतांची मुलगी सरला ड्रायव्हरच्या बाजूला बसली होती. तिचा डोळा सारखा माझ्यावर.

वेवजीचं वळण आलं तशी ती म्हणाली, "मी वाजवू?"

"वाजव की पोरी," ड्रायव्हर म्हणाला. "रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे?"

तिने दोन्ही हातांनी मला दाबलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. इतके दिवस गप्प बसलेला मी, खणखणीत वाजलो. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

तेवढ्यात समोरून जानी आणि लहान्या येताना दिसली. आवाज ऐकून जानी थांबली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिने हात केला नाही. ती रस्त्याच्या कडेला झाली, आम्हाला वाट दिली, आणि चिंचेकडे वळली. नंतर लहान्याने एकनाथला सगळं सांगितलं, म्हणून तिचं बोलणं मला ठाऊक आहे.

"संप मिटला वाटतं," ती म्हणाली. "भोंगा झाला. आता गाडी येल."

"काकी, चालत जाऊ. कोणाचा भरवसा नाय."

"भोंगा काय उगाच होतो? तू हो पुडं. लक्ष्याला सांग, आय गाडीनं येते. तुज्या आदी पोचते बघ मी."

आणि ती चिंचेखाली बसली.

मित्रांनो, मी गाडीला घट्ट आवळलेला होतो. मला ओरडता येत होतं, पण थांबवता येत नव्हतं. झाईला मुलं लाटांत खेळली, शिंपले वेचले. निघताना कुणीतरी म्हणालं, त्याच रस्त्याने काय जायचं, बोर्डीवरून जाऊ, वाटेत चिकूही घेऊ. सगळ्यांना पसंत पडलं. गाडी दर्याच्या रस्त्याने वळली आणि माझं पितळी तोंड बोर्डीकडे झालं.

डहाणू रोडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पाहुण्यांना मुंबईची तीच आगगाडी पकडायची होती. स्टेशनाबाहेर एका खाटेवर लक्ष्याला निजवलं होतं. उशाशी बाप, पायाशी लहान्या. लहान्या पायी चालून केव्हाच पोचला होता आणि त्याने निरोप सांगितला होता, आय गाडीनं येते.

आवारात शिरताना सरलाने मला शेवटचं एकदा दाबलं.

लक्ष्याने मान उचलली. पाठ मोडलेल्या पोराने मान कशी उचलली कोण जाणे. "गाडी आली," तो म्हणाला. "आय आली."

दार उघडलं. टोप्या घातलेली मुलं उतरली, चिकूच्या करंड्या उतरल्या, बायका उतरल्या. प्रत्येक उतरणाऱ्याकडे तो बघत होता. गाडी रिकामी झाली तरी तो दाराकडेच बघत राहिला.

लहान्या धावत ड्रायव्हरकडे आला. "वेवजीला बाई बसली होती चिंचेखाली, ती कुठं हाय?"

"कसली बाई? आम्ही बोर्डीवरून आलो."

सूर्यकांतांनी ते ऐकलं. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि त्यांचा चेहरा उतरला. "वळव गाडी," ते ड्रायव्हरला म्हणाले, "आत्ताच्या आत्ता वेवजीला चल." पण सिग्नल पडला होता, आगगाडी शिरतच होती. सरला बापाचा हात धरून उभी होती. "बाबा, कोण यायचं राहिलं?" तिने विचारलं.

बापाने आणि हमालांनी खाट उचलली. लक्ष्या लहान्याला म्हणाला, "मागल्या गाडीत असंल. तिला सांग, मी थांबलो व्हतो."

मागे दुसरी गाडी नव्हती. लक्ष्या मुंबईहून परत आला नाही. बाप एकटाच आला.

त्या संध्याकाळी आगगाडी सुटताच सूर्यकांत गाडी घेऊन निघाले तेव्हा लहान्याही बसला. अंधार पडायच्या सुमारास आम्ही वेवजीला पोचलो. जानी चिंचेखाली तशीच बसलेली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. गाडी दिसताच ती उठली आणि पदर सावरला. "उशीर झाला जरा," ती लहान्याला म्हणाली, "पण आली बघ." आगगाडी गेली, हे तिला सांगायला कुणाचंच तोंड उघडेना. माझंसुद्धा नाही.

पुढे संप मिटला. एकनाथ कामावर आला आणि पहिल्याच फेरीला वळणावर त्याने मला दाबलं. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं. परत येताना चिंचेखाली कुणी नव्हतं. थोडं पुढे जानी रस्त्याने चालत होती. त्याने गाडी थांबवली. "बस माय, डहाणूलाच चाललीस ना?"

ती थांबली नाही. "तुज्या भोंग्याच्या भरवशावर एकदा बसले, बाबा," ती म्हणाली. "आता पायीच जाईन."

तो बराच वेळ तिच्या मागून गाडी हळूहळू नेत राहिला. तिने मागे पाहिलं नाही. त्यानंतर त्या वळणावर त्याने मला कधी दाबलं नाही. मी काळवंडलो तो तेव्हापासून.

मित्रांनो, मुलांनी मला दाबू नये असं मी म्हणत नाही. सरलाचा काही दोष नव्हता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी तुम्हाला सांगतो. हाक मारणं फार सोपं असतं. एका मुठीचं काम. पण हाक मारलीत तर परत त्याच वाटेने या. चालत निघालेलं माणूस तुमच्या भरवशावर खाली बसतं, आणि त्याचं पोर तिकडे स्टेशनावर वाट बघत असतं.