तिसऱ्या तळ्याची पातळी

जंगलाच्या फाटकाजवळच्या लाकडी पाटीपाशी बायको थांबली. काठी काखेत धरून तिने पाटीवरच्या कोरलेल्या अक्षरांवरून बोटं फिरवली.

"तीन तळी. सोपी वाट. जाऊन-येऊन दीड तास," तिने वाचलं. "बरोबर?"

"बरोबर," तिचा नवरा, निवृत्त वनरक्षक, म्हणाला आणि त्याने उगाचच टोपी काढून झटकली.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच काय ते कळायचं. ऑपरेशन मंगळवारी होतं आणि आज रविवार. आठवडाभर घरात एकच वाद चालला होता.

"अगं, मंगळवारनंतर जाऊ. चांगलं दिसेल तुला."

"नको. आधीच जाऊ."

"न दिसता बघणार काय?"

"तुम्ही आहात की सांगायला. सव्वीस वर्षं सांगताच आहात."

वनरक्षक आठवडाभर टाळाटाळ करत होता. कारण जंगलात तळी दोनच होती. तिसरं त्याने तयार केलं होतं, तेही बसल्या जागी.

झालं होतं असं, की नव्याने आलेल्या साहेबांनी एकदा सगळ्या वनरक्षकांना ओळीने विचारलं, तुमच्या हद्दीत तळी किती? शेजारच्या हद्दीतला वनरक्षक मोठा फुशारक्या मारणारा. तो छाती काढून "दोन" म्हणाला. याच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे तीन." साहेबांनी वहीत तीनचा आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि विषय संपला. म्हणजे साहेबांचा संपला.

तेव्हापासून दर गुरुवारी तिन्ही तळ्यांच्या पाण्याची पातळी नोंदवायचा हुकूम निघाला. दोन तळ्यांत तो इमानदारीने मोजकाठी बुडवायचा. तिसऱ्याची पातळी दुसऱ्याच्या काठावर, झाडाखाली, टोपी तोंडावर घेऊन ठरायची. पावसात तो पाणी चढवायचा, उन्हाळ्यात उतरवायचा. एका वर्षी मनाला टोचणी लागली म्हणून त्याने तळं आटवूनच टाकलं. लगेच मुख्य कार्यालयातून पत्र आलं : तळे कोरडे पडल्याचा खुलासा करावा. आठ दिवसांत त्याने ते काठोकाठ भरलं.

पुढे नकाशा छापला गेला, मग त्याच्याच मजकुराची पाटी लागली. लोक तिसऱ्या तळ्यापर्यंत जायचे, गवताचा खोलगट तुकडा बघायचे; पण तळं आपल्यालाच सापडलं नाही असं कबूल करायला कोणाची जीभ रेटत नव्हती. एका गृहस्थाने तर अभिप्रायाच्या वहीत लिहून ठेवलं की तिसऱ्या तळ्यावरची बदकं फार भांडखोर आहेत. ते वाचून खुद्द वनरक्षक दोन दिवस विचारात पडला होता.

आणि घरी बायको. गुरुवारी उशीर व्हायचा, म्हणून जेवताना तिला तळ्याची हकीकत सांगावी लागायची. रिकामं तळं किती दिवस सांगणार? त्याने त्यात कमळं सोडली, मग दोन कासवं. त्यातलं एक म्हातारं. बायको वर्षानुवर्षं त्याची तब्येत विचारायची.

पहिल्या तळ्यापाशी बेडकांनी पाण्यात उड्या टाकल्या. "पहिलं," ती म्हणाली. दुसऱ्यापाशी ती वाकली, पाण्यात हात घालून बसली आणि ओला हात तिने तोंडावरून फिरवला.

"दमलीस ना? फिरू या मागे."

"सोपी वाट आहे. तुम्हीच लिहिलंय."

पुढे एका पडलेल्या खोडापाशी वाटेला दोन फाटे होते. डावीकडून वळसा घातला की माणूस पुन्हा पहिल्या तळ्याच्या मागच्या अंगाला निघतो. तिथे पाणी होतं, बेडूक होते, सगळं होतं. वनरक्षक तिथेच थबकला. त्याने तिचं कोपर डावीकडे वळवलं, अगदी हलकेच.

"पडलेल्या खोडापाशी उजवीकडे ना?" बायको म्हणाली. "तुम्ही नेहमी उजवीकडे सांगायचात."

त्याने कोपर सोडलं. दोघं उजवीकडे गेली.

खोलगट जागेत गुडघाभर गवत वाळून पिवळं पडलं होतं. भरदिवसाही रातकिड्यांचा एकसुरी आवाज चालू होता. ओलाव्याचा वाससुद्धा नव्हता. त्याने तिला एका दगडावर बसवलं आणि स्वतः उभाच राहिला.

"आज पाणी किती?"

"साडेचार फूट." सव्वीस वर्षांची सवय, तोंड आपणहून बोललं.

"आणि म्हातारं?"

"आहे. दगडावर ऊन खात बसलंय."

"बरं झालं. मला वाटलं गेलं असेल."

बायकोने पायाने चाचपून एक खडा शोधला. वनरक्षक तिचा हात धरणार, तोवर तिने खडा समोर भिरकावलाही. खडा गवतात कुठेतरी पडला. रातकिडे क्षणभर गप्प झाले आणि पुन्हा सुरू झाले. बाकी काहीच ऐकू आलं नाही. वनरक्षकाने टोपी काढली आणि तो दोन्ही हातांनी तिची कड चुरगाळत राहिला.

बायको मान तिरपी करून बराच वेळ ऐकत होती.

"खोल आहे हो," शेवटी ती म्हणाली.

"अगं, तुला एक सांगायचं होतं."

"आधी उठवा मला. दगड टोचतोय."

त्याने हात दिला. तिने तो उठल्यावरही सोडला नाही. दोघं पडलेल्या खोडापर्यंत आली.

"मंगळवारनंतर, पट्टी निघाली की पुन्हा येऊ," ती म्हणाली.

वनरक्षकाचा पाय सपाट वाटेवर अडखळला.

"पण दुसऱ्यापर्यंतच," बायको म्हणाली. "तिसरं बघून झालं."