उपासांची अर्धशिशी

नवा मध्य प्रदेश झाला, त्या वर्षी सिंधीपुऱ्यातल्या सुमनची अर्धशिशी बळावली. आठवड्यातून दोनदा तरी डावं कपाळ ठणके. उजेड सोसवेना, शेजारच्या विणकरांच्या मागांचा खडखडाट सोसवेना. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. नव्या राज्याचा कारभार हिंदीत गेल्याने आता तिथे हिंदीतून शिकवणाऱ्या बाया नोकरीसाठी उंबरे झिजवत होत्या, आणि मोठ्या बाईंनी सुमनला बजावलं होतं, आणखी खाडे झाले तर घरीच बसा.

सासूबाईंकडे, रंभाबाईंकडे, औषध एकच. डोकं उठलं की सुनेने देवाला एक उपास धरायचा. सोमवार धरला, मंगळवार धरला, चतुर्थी-एकादशी तर होत्याच. आणि उपास कसला, तर दिवसभर नुसता चहा. घरात देवांची गर्दी झाली, पण एकानेही सुनेच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

शेवटी ती इतवाऱ्यातल्या गिरधर वैद्यांकडे गेली. त्यांनी विचारलं, "कोणत्या दिवशी दुखतं?"

सुमनने दुखण्याचे वार सांगितले, उपासांचेही सांगितले.

"अरे बाई, हे तर तुझ्या उपासाचेच वार! उपाशी पोटी पित्त चढतं. टाइमावर जेव, नींद पुरी कर. दुसरी दवा नाही."

इतकं साधं! सुमनला रडूच आलं. त्या सोमवारी तिने शाळेत सोबतच्या बाईंच्या डब्यातली पोळी घरी न सांगता खाल्ली. मंगळवारीही खाल्ली. महिनाभर डोकं शांत राहिलं, एक खाडा झाला नाही.

मग तिच्या नवऱ्याला, दत्तात्रयला, मुदतीचा ताप भरला.

"या घरात कोणी तरी उपास मोडला," रंभाबाई म्हणाल्या. "देव असाच नाही कोपत."

वैद्यांचं म्हणणं सुमनला पुरतं पटलं होतं. पण खाटेवर नवरा बरळत असताना पटलेलं काय चाटायचंय? तिने सगळं कबूल केलं, देवापुढे नाक घासलं, सुटलेले वार परत धरले आणि वर शनिवार वाढवला.

मुदत संपली, ताप उतरला. तो उतरणारच होता, पण हे सांगायचं कोणाला? रंभाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. दत्तात्रयने तिचा हात धरला.

"तुझ्यामुळे वाचलो गं. आता एकही वार सोडू नको."

पुन्हा खाडे सुरू झाले. मोठ्या बाईंनी तिच्या वर्गावर दुसरी बाई नेमली. सुमन अंधाऱ्या खोलीत कपाळाला फडकं बांधून पडून राहू लागली. डोकं ठणकलं की आता तिला बरंच वाटे. ठणकतंय, म्हणजे नवरा सुखरूप आहे.