वीतभर माती

दिघीच्या फाट्यावर एसटीतून उतरताना मुकुंद परचुरे यांना वाटलं, ही नोकरी आता आपल्या पायांना झेपणारी राहिलेली नाही. ऑफिसची जीप वरिष्ठांच्या दिमतीला असायची. माती तपासणाऱ्याने एसटीने यायचं आणि पुढे माळावर चालत जायचं. पन्नाशी उलटलेला हा माणूस अर्धी हयात पुणे जिल्ह्यातल्या खड्ड्यांत उभा राहिलेला होता. मातीचा रंग बघायचा, बोटांत चोळायची, खोली मोजायची आणि लिहायचं. या वेळी गावाचं गायरान तपासायचं होतं. दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. भोसरीकडून कारखाने सरकत सरकत येत होते, आणि जमीन कसण्याजोगी आहे की नाही एवढंच वरून विचारलं होतं.

खड्डे खणायला गावातला किसन होता. त्याने पहिल्याच खड्ड्यात दोन घाव घातले आणि तिसऱ्याला पहार ठण्ण वाजली. हात झिणझिणले म्हणून त्याने ती टाकूनच दिली.

"दगड लागला, साहेब."

"दगड नाही तो. जरा बाजूला खण."

बाजूलाही तेच. वर वीतभर करडी, भुसभुशीत, खड्यांनी भरलेली माती आणि तिच्याखाली पांढरट चुनखडीचा थर, कुणी सिमेंट ओतून वाळवल्यासारखा. मुकुंदरावांनी उकिडवं बसून बाटलीतल्या पातळ अ‍ॅसिडचा थेंब त्यावर टाकला. थर फसफसला. गवताची मुळं सरळ खाली आली होती आणि थराशी पोचल्यावर सगळी आडवी वळून चटईसारखी पसरली होती. दुपारपर्यंत माळाच्या चारी कोपऱ्यांत खणून झालं. कुठे वीत, कुठे दीड वीत, आणि खाली तोच थर.

कुसळीच्या गवतातून मेंढरं चरत चरत जवळ आली. त्यांच्यामागे डोईवरचा पदर सावरत एक बाई आली. कस्तुरा तिचं नाव. नवरा वारल्यावर कळप तिनेच सांभाळला होता.

"पानी लागंल का वो सायेब हितं?"

"पाणी नाही बघत, बाई. माती बघतोय."

"माती? ती तर वरच हाय की!"

किसन हसला. मुकुंदरावही हसले, आणि जरा टेकायला मिळालं म्हणून तिच्याशी बोलत बसले. कस्तुरा म्हणाली, "दुष्काळात खालच्या काळ्या रानात नुसत्या भेगा हुत्या. हितं मातुर एक सर आली की गवत उठायचं. माजी मेंढरं ह्याच माळानं जगवली बगा. कसं उठायचं ते देवालाच ठावं."

मुकुंदरावांनी खड्ड्यातलं एक गवताचं बूड उपटून तिच्यासमोर धरलं. "खालचा थर पाण्याला पटकन खाली जाऊ देत नाही. काळ्या रानात थोडा पाऊस पडला तर ती खोल माती तो पिऊन टाकते, वर काही उरत नाही. इथे प्यायचं म्हटलं तरी माती आहेच केवढी? पडेल तेवढं मुळांच्या तोंडाशीच राहतं. पण याच थरामुळे झाड धरत नाही. नांगर घातलात तर फाळ मोडेल."

कस्तुराने बूड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "मंग चांगली म्हनायची का वाईट?"

"नांगराला वाईट. मेंढरांना चांगली."

"मंग तसंच लिवा की."

त्यांनी तसंच लिहिलं. जमीन लागवडीस अयोग्य, परंतु चराईस उत्तम, कुरण म्हणून राखावी.

ऑफिसात नंदकिशोर नावाचे वरिष्ठ होते. वयाने मुकुंदरावांपेक्षा बरेच लहान, पण माणूस वाकडा नव्हता. त्यांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

"परचुरे, लागवडीचं विचारलंय. चराईचं कुणी विचारलेलं नाही. हे वाक्य कशाला?"

"अयोग्य म्हटलं की लोक पडीक समजतात, साहेब. ती पडीक नाही."

"उगाच वरून प्रश्न येतील."

वाद घालायचं त्राण मुकुंदरावांत उरलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "माझी सही हवी असेल तर त्या वाक्यासकट घ्या. नाहीतर दुसऱ्या कुणाला पाठवा."

नंदकिशोरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी कागद होता तसा पुढे पाठवला. त्या दिवशी मुकुंदराव दापोडीला घरी आले ते जरा हलक्या पावलांनी. अरुंधतीला, बायकोला, त्यांनी चहा पिता पिता सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वाचतं का पण कुणी शेवटपर्यंत?"

नाहीच वाचलं. पावसाळा संपता संपता एका सकाळी कस्तुरा विचारत विचारत त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. रस्ताभर चालत आली होती. गायरान कारखान्याला द्यायचं ठरलं होतं. काल चावडीवर वाचून दाखवलं, त्यात जमीन अयोग्य आहे असं होतं, आणि सरकारी माणसाने तपासून सांगितलंय असंही होतं.

"तुमी तसं लिवलं न्हाई व्हय?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. रागावण्याइतकी ती ताजी नव्हती.

"लिहिलं होतं, कस्तुराबाई. शपथेवर सांगतो."

तिचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. ती पायरीवर बसली. अरुंधतीने चहा आणला, तो तिने सावकाश प्यायला, कप स्वतःच विसळून ठेवला आणि निघाली. मुकुंदरावांनी त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली. दिवसभर ते खाटेवर पडून होते. झोप लागली नाही.

रविवारी ते सरपंचांकडे गेले. अण्णासाहेब भला माणूस, त्यांनी पाट मांडला, पाणी दिलं. मुकुंदरावांनी कुरणाचं सांगितलं. अण्णासाहेबांनी नीट ऐकून घेतलं.

"साहेब, तुमचं खोटं न्हाई. पन मेंढरं राखणारी घरं गावात तीन. आन् पोरं? पारावर बसून हाईत निस्ती. कंपनी आली तर शिफ्टला तरी जातील. मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

मुकुंदरावांचाही मुलगा पिंपरीत कंपनीतच होता, त्याच्याच पगारावर घर सावरलं होतं. ते बराच वेळ पाटाच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

"ओढ्याकडचा उतार तेवढा सोडता येईल का?" शेवटी ते म्हणाले. "कंपनीला सपाट जागा लागते. तो उतार भरून घ्यायचा तर मुरूम टाकून टाकून दमतील. तिथे माती दीड वीत आहे, सगळ्या माळात गवत चांगलं तिथेच. तेवढा वगळून ठराव केलात तर कुणाचं अडणार नाही."

अण्णासाहेबांनी हनुवटी खाजवली. "मोजनीच्या दिवशी तुमी येशीला का? मला कुठनं कुठवर ते न्हाई सांगता यायचं."

मोजणीला मुकुंदराव रजा काढून गेले. भर उन्हात मोजणीदाराची साखळी उताराच्या अगदी पायथ्याशी पडत होती, म्हणजे चांगलं गवत सगळं कंपनीच्या कुंपणाच्या आत. मुकुंदराव म्हणाले, वर घ्या. मोजणीदार कुरकुरला, म्हणाला, नकाशावर असंच दिसतंय. मग किसनने जागोजाग पहार मारून दाखवली. माती पातळ होत जिथे थर जवळजवळ उघडा पडत होता, तिथे हद्दीचे दगड रोवायचं ठरलं. त्या थरात दगड रोवायला खळगा पाडणं हेच दिवसभराचं काम झालं. किसन दमला की मुकुंदराव पहार घ्यायचे, चार घाव घालायचे आणि धापा टाकत खाली बसायचे. कस्तुरा लांब मेंढरांत उभी राहून बघत होती. शेवटचा दगड बसला तेव्हा ती पाण्याची कळशी घेऊन आली. आधी मोजणीदाराला दिलं, मग किसनला, मग मुकुंदरावांना.

"एवढंच राहिलं," मुकुंदराव म्हणाले. "सगळा माळ वाचवता आला नाही."

"दिसतंय की," कस्तुरा म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या सपाटीवर बांधकाम सुरू झालं. कस्तुराने निम्मी मेंढरं चाकणच्या बाजारात विकली. अण्णासाहेबांनी सांगितलं होतं तशी गावची काही पोरं कामावर लागली, काही नाही लागली. मुकुंदराव पाऊस पडून गेल्यावर एकदा तिकडे गेले, तेव्हा उतारावर गवत गुडघ्याला लागत होतं. वर मिक्सर घरघरत होते. एक मेंढी कुंपणाच्या तारांच्या दिशेने वर चढत होती. कस्तुराने खालून हाक घातली, "वळवा तिला सायेब, पाय अडकंल."

मुकुंदरावांनी हातातली छत्री आडवी धरून मेंढीला परत फिरवलं. ती कळपात मिसळली. पुढची एसटी अजून लांब होती, म्हणून ते तिथेच गवतात बसले.