दादाचा थकवा

शिकाऊ डॉक्टरांमागे डॉक्टरीणबाईंचा एकच धोशा असे. पेशंट 'थकलोय' म्हणाला की आधी आडवं करा, मग उभं करा, दोन्ही वेळा रक्तदाब घ्या. आणि तोंड उघडून हिरड्या न बघता टॉनिक लिहून द्याल तर खबरदार!

घरी मात्र सख्खा दादा 'थकलोय गं' म्हणाला की बाई फटकन म्हणत, "रिटायर झालास, आळस भिनलाय अंगात." तो वाळत चालला, तर म्हणाल्या, बरं झालं, पोट उतरलं. काळवंडला, तर म्हणाल्या, उन्हात खुर्ची टाकून कोण बसतं?

उद्या दादाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सर्जन बाईंचा वर्गमित्र. "माझा दादा आहे रे, तपासण्यांच्या फेऱ्यात अडकवू नकोस," असं त्यांनीच फोनवर सांगितलेलं. डॉक्टरच्या भावाला आपण काय तपासायचं, म्हणून त्यानेही होकार दिला.

दुपारी जेवताना दादाने तळहातावर मीठ ओतून घेतलं आणि चाटायला लागला.

"काय रे, शेळी झालास की काय?"

"अलीकडे मिठाशिवाय चैनच पडत नाही बघ. हवंय?" त्याने हसत हात पुढे केला.

पांढऱ्या मिठाखाली तळहाताच्या रेषा कोळशाने ओढल्यासारख्या काळ्या दिसत होत्या. बाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"आ कर."

हिरड्यांवर काळे-निळे डाग होते. त्यांनी त्याला तिथेच सोफ्यावर आडवं केलं, रक्तदाब घेतला. मग उभं केलं. पारा धाडकन उतरला, आणि दादा डोळे मिटून मटकन खाली बसला.

बाईंनी सर्जनला फोन लावला. "ऑपरेशन रद्द. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बंद पडत आल्यात त्याच्या. मी आत्ता घेऊन येते. रक्त काढा आणि लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन द्या, रिपोर्टची वाट बघत बसू नका." आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

चार दिवसांनी दादा वॉर्डात उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर तरतरी आली होती.

"म्हणजे ठरल्या दिवशी ते ऑपरेशन झालं असतं, तर?"

"टेबलावरून उठला नसतास."

"आणि मी तुझा भाऊ नसतो, सरळ नंबर लावून तुझ्या ओपीडीत आलो असतो, तर?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या आयुष्यात पेशंटशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"पहिल्याच दिवशी कळलं असतं," त्या म्हणाल्या.