भिंगरीची झोप

दुसरी ओळ सुरू व्हायच्या आत भिंगरी झोपली.

मावशीनं गाणं तिथंच सोडलं. सतरंजीवर आडव्या झालेल्या दोन-चार पोरांनी माना वर करून पाहिलं, कारण भिंगरी दुपारची झोपते हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पाळणाघरात आल्या दिवसापासून ही अडीच वर्षांची पोर एका जागी टिकली नव्हती, म्हणून तर तिचं खरं नाव मागे पडून हे नाव चिकटलं होतं. पाळणाघर चालवणाऱ्या बाई दारातून डोकावल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "हिलाही गुंडाळलंस? आता एकदा मलाच झोपव बाई. पाळणाघर काढल्यापासून डोळ्याला डोळा नाही."

मावशी हसली. तिला सगळे झोपमावशी म्हणत. न झोपणारी पोरं दूरदूरून तिच्याकडे यायची. तिची स्वतःची दोन मुलं मात्र तिच्या थोपटण्यानं कधी झोपली नाहीत, उलट ताजीतवानी व्हायची, असं तीच सांगे. गाणं तिचं तिनंच जुळवलेलं होतं.

निजला गं वारा, निजली गं वाट,
निजलं गं ताट, फळीवर.

पुढं मग समोर दिसेल त्याला ती झोपवत जाई. बादली निजली, चपला निजल्या, घड्याळाचे काटे एकमेकांच्या कुशीत निजले, आणि सगळं जग निजलं म्हटल्यावर पोर एकटी जागी राहून काय करणार, तीही निजे. आज वारा आणि वाट एवढंच झालं होतं. ताटापर्यंत गाणं पोचलंच नव्हतं.

हिरव्या पडद्यातून ऊन गाळून येत होतं. पंखा संथ फिरत होता आणि त्याची सावली पोरांच्या अंगावरून पाण्यासारखी वाहत होती. अशा वेळी खोली तळ्याच्या तळाशी बुडाली आहे असं मावशीला वाटे, आणि हा दिवसातला सगळ्यात सुखाचा तास असे. आज ते सुख येता येता अडलं.

झोप कशी येते ते तिला ठाऊक होतं. ती पायऱ्या उतरत येते. पोर डोळे चोळतं, कुरकुरतं, एक पायरी उतरून पुन्हा वर चढतं, कुणी आपल्याला फसवतंय अशा संशयानं एकदा डोळे उघडून बघतं. भिंगरी कुठलीच पायरी उतरली नव्हती. पाय घसरून पडावं तशी ती झोपली होती.

मावशीनं तिच्या मानेखाली हात घातला. मान ओली होती आणि गार होती. झोपलेल्या पोराचा घाम उबदार असतो, त्याला दुधाचा वास असतो. हा तो घाम नव्हता. हा तिच्या स्वतःच्या ओळखीचा होता. साखरेच्या आजाराची, साखर उतरवणारी गोळी घेतल्यावर जेवायला उशीर झाला की तिच्याही मानेवर असाच थंड घाम फुटे आणि माणसांचे आवाज नदीपलीकडून आल्यासारखे वाटू लागत.

तिनं खिडकीकडं पाहिलं. कठड्यावर तिची गोळ्यांची डबी उघडी पडली होती. रिकामी.

पाळणाघरात औषधाला कुणी औषध म्हणत नसे. खोकल्याचं लाल पाणी, तापाचे थेंब, जंताची गोळी, सगळ्याला खाऊ म्हणायचं, म्हणजे पोरं तोंड मिटून पळत नाहीत. ही पद्धत मावशीचीच. ओल्या हातांनी पाकीट फाटत नाही म्हणून ती आपल्या गोळ्या सकाळीच सोडवून डबीत ठेवी, आणि पोरांच्या पंक्तीत बसून एक तोंडात टाकी, डोळे फिरवी, जीभ वाजवी, "अहाहा, माझा खाऊ." पोरं खिदळत. भिंगरी सगळ्यात जास्त खिदळे आणि हात पुढं करून म्हणे, "मला." आज जेवताना एकानं पाण्याचा तांब्या लवंडला, मावशी फडकं आणायला धावली, आणि डबी पंक्तीशेजारच्या बुटक्या कठड्यावरच राहिली होती.

तिनं हाका मारल्या. तळपायाला चिमटा घेतला. भिंगरी नुसती कण्हली. मावशी साखरेचं पाणी घेऊन धावली, तर बाईंनी तिचा हात धरला. गिळता येत नसलेल्या पोराच्या तोंडात काही ओतायचं नाही, श्वासात जातं, हे त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी भिंगरीला कुशीवर वळवलं, बोटावर थोडी ओली साखर घेऊन गालाच्या आतून फिरवली, शेजारणीला बाकीच्या पोरांजवळ बसवलं आणि रिक्षा थांबवली.

रिक्षात मावशीनं रिकाम्या डबीचं सांगितलं तशा बाई आधी रडल्या आणि मग हलक्या आवाजात बोलू लागल्या. तिथं मी बोलेन, म्हणाल्या. जेवली नाही म्हणून असं झालं, एवढंच सांगायचं. सलाईनमधून साखर गेली की उठेल पोर, तुलाही गोड खाल्लं की बरं वाटतंच की. डबीचं नाव काढलंस तर उद्या दाराला कुलूप लागेल, मग या सगळ्या आयांनी कामावर जायचं कसं? आणि या वयात तुला तरी दुसरं कोण ठेवून घेणार? मावशी पोरीला सावरून धरून बसली होती. पोरीचं डोकं तिच्या दंडावर होतं आणि ते दर वळणाला जड होत होतं.

दवाखान्यात सिस्टरनं आधी बोट टोचून साखर पाहिली. तरुण डॉक्टरिणीनं आकडा बघितला आणि सरळ शीर शोधली. साखर आत जाऊ लागली तशी पडद्याआड कुणी दिवा हातात घेऊन चालत यावं तसा भिंगरीच्या गालांवर हळूहळू रंग आला. तिनं डोळे उघडले, मावशीला पाहिलं आणि विचारलं, "ताट निजलं?"

सिस्टर हसली, बाई हसल्या, आणि तेवढ्यात दारातून आत आलेली भिंगरीची आई हसता हसता भिंतीला टेकून रडू लागली. ती बसवर कंडक्टर होती. अंगात गणवेश, खांद्याला तिकिटांची पिशवी. बाईंचा फोन येताच अर्ध्या वाटेत बस दुसऱ्याच्या हवाली करून ती आली होती.

डॉक्टरीण एकेक विचारत गेली. सकाळी काय खाल्लं? सर्दीमुळे जेमतेम दूध प्यायली, आई म्हणाली. पडली का? नाही. घरात कुणाला कसलं औषध? कुणालाच नाही. मग ती बाईंकडं वळली. तुमच्याकडं काही हाताला लागलं असेल?

"आमच्याकडे पोरांच्या हाताला लागेल असं काही नसतंच," बाई म्हणाल्या.

उपाशी पोटी कधी कधी उतरते साखर, डॉक्टरीण म्हणाली. संध्याकाळपर्यंत बघू, नीट खाल्लं-प्यायलं तर घेऊन जा घरी.

भिंगरी आईच्या पिशवीची चेन ओढत होती. सगळं छान झालं होतं. बाईंनी मावशीच्या पाठीवरून हात फिरवला, चल आता.

मावशीला मात्र दुसरंच दिसत होतं. ती गोळी तिच्या अंगात कैक वर्षं राहून गेली होती, तिचा स्वभाव तिला ठाऊक होता. गोड खाऊन बरं वाटतं, आणि घटकाभरानं ती पुन्हा पायाला धरून खाली ओढते. आज संध्याकाळी घरी पोर झोपेल. दिवसभर दमली, आज किती शहाण्यासारखी झोपली, म्हणून आई तिच्यावर पांघरूण घालील, दिवा मालवील, आणि आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालत खोलीबाहेर जाईल.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तिनं माझ्या गोळ्या खाल्ल्यात. साखरेच्या."

तिनं कनवटीचं गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरिणीनं नाव वाचलं आणि खुर्ची मागं सारली.

"किती?"

"डबीत तीन होत्या. एक मी घेतली."

डॉक्टरीण रागावली नाही, तेवढा वेळच नव्हता तिच्याकडं. भरती करा, तिनं सिस्टरला सांगितलं, गोळीचा जोर मोडणारं इंजेक्शन आणा, आणि उद्यापर्यंत तासातासाला साखर बघा. खाट आली, धावपळ झाली. बाई कधी निघून गेल्या ते मावशीला कळलं नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढं जाता जाता सिस्टरजवळ सांगून गेल्या.

भिंगरीची आई दारात उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "घरी पण म्हणते ती. मावशीचा खाऊ, मावशीचा खाऊ. मला वाटायचं, चणे-फुटाणे देत असाल."

"मीच शिकवलं तिला," मावशी म्हणाली.

दार लागलं.

मावशी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. जा म्हणून तिला कुणी सांगितलं नाही, थांब म्हणूनही नाही. आत दर थोड्या वेळानं बोट टोचलं जाई आणि भिंगरी भोकाड पसरे. जन्मभर पोरांचं रडं मिटवत आलेली मावशी आता त्या रडण्याची वाट बघत होती. रडं आलं की तिचा श्वास मोकळा होई. दोनदा ते आलंच नाही. सिस्टर धावत आत गेली, काचेआड सावल्या हलल्या, आणि मावशीला वाटलं, आपणही त्या पायरीवरून घसरत चाललोय, खाली तळच नाही. मग फार वेळानं आतून कुणीतरी संतापून ओरडलं, "नको टोचू," आणि मावशी बाकावर नीट टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा दार उघडलं. आई बाहेर आली. गणवेश चुरगळला होता, डोळे सुजले होते. तिच्या कडेवर भिंगरी होती, एका हाताला पांढरी पट्टी. तिनं मावशीला पाहिलं आणि दोन्ही हात पसरून सगळी तिच्याकडं झुकली.

मावशी उठून उभी राहिली. तिनं हात पुढं केले नाहीत.

आईनं पोर दिली नाही. पण ती पुढंही गेली नाही. भिंगरीचा पुढं केलेला पट्टीचा हात मावशीच्या गालाला लागेल एवढ्या अंतरावर ती थांबली, तोंड दुसरीकडं, खिडकीबाहेरच्या रस्त्याकडं वळवून. तिथून बस सुटत होती. ती सुटू दिली तिनं, आणि तशीच उभी राहिली.