मुऱ्हाळी नसलेलं घर

"‘वेट’ आणि ‘एक्स्पेक्ट’, दोन्ही म्हणजे वाट पाहणंच," उकंडराव मास्तर म्हणाले, "पण फरक आहे. वेट करणारा थांबलेला असतो. एक्स्पेक्ट करणाऱ्यानं थांबायची गरज नाही. त्याला नुसती खात्री असते, की येणार."

मागच्या बाकावरून पुंजाजी उठला. वाशीमच्या त्या इंग्रजी शाळेत त्याच्याइतकं जुनं मिसरूड दुसऱ्या कुणाला नव्हतं.

"मास्तर, आमची माय बाजाराच्या दिवशी बापाची वाट पायते. ते कोनतं?"

"तो येतो ना?"

"येते. पन कसा येईन, त्याचा नेम नाई."

"मग वेट."

"पन ते थांबत नाई ना मास्तर. मुसळ घेऊन दारात फिरत राह्यते."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. इंग्रजीच्या तासाला हसण्याची पद्धत नाही, असा त्यांचा समज होता आणि इंग्रज भेटला नसल्यामुळे तो टिकून होता.

आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांना पाचवीला उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचललं होतं, म्हणून नाव उकंड. नागपुरात कॉलेज करून इंटरला घसरल्यावर नावापुढं ‘राव’ लागलं आणि ‘मास्तर’ही. एकसारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांची भांडणं सोडवण्यात त्यांचा हात धरणारा शाळेत कोणी नव्हता. इंग्रजीचे मास्तर ते एकटेच होते. फक्त ‘हाऊस’ आणि ‘होम’ आले की ते घाई करत. हाऊस विटांचं असतं एवढं सांगून पुढच्या शब्दाकडे वळत.

त्यांचं स्वतःचं विटांचंच होतं. बायको मनकर्णा मेडशीला, माहेरी.

गेली त्याचं कारण अगदी साधं. तिच्या भावाचं, दौलतरावचं लग्न होतं. तो बहिणीला न्यायला आला तेव्हा मास्तर परीक्षेसाठी अकोल्याला गेलेले. आई म्हणाली, नाई पाठवत. मनकर्णा म्हणाली, भावाचं लगन हाय. आणि ती गेली. आईनं जाहीर केलं, "आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईन. माह्या घरून मुऱ्हाळी जानार नाई."

सून माहेराहून परत आणायची तर सासरचं कोणी न्यायला जावं लागतं. तो मुऱ्हाळी. तो दीर असतो, सासरा असतो, नाहीतर चुलता. उकंडराव एकुलते, वडील आधीच गेलेले. राहता राहिला नवरा. पण स्वतःची बायको स्वतः आणायला जाणाऱ्या नवऱ्याला गाव काय म्हणतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मास्तरांनी आईचा शब्द मोडला नाही. मनकर्णा येईल अशी त्यांना खात्री होती. तिकडे मनकर्णा मुऱ्हाळ्यासाठी थांबली होती. अशी बरीच वर्षं गेली.

मग आई वारली. निरोप न धाडताही मनकर्णा आली. तेरवीपर्यंत राबली, पाहुण्यांच्या पंगती वाढल्या, सासूच्या नावानं रडलीही. तेरवी झाल्यावर दौलतरावनं अंगणात गाडी जुंपली. मनकर्णानं निळ्या काठाच्या फडक्यात लुगडी बांधायला घेतली. ती एवढी सावकाश बांधत होती, की दौलतरावचे बैल दोनदा बसले. मास्तर ओसरीत उभे होते. राहायचं असेल तर राहीलच, तिचंच घर आहे, असा त्यांचा विचार. राहा म्हणायचं ते घरातल्या मोठ्या माणसानं, असा तिचा. घरातलं मोठं माणूस आता आपणच आहोत, हे मास्तरांच्या लक्षात यायला गाडी वेशीबाहेर जावी लागली. गाडी हलताना ते म्हणाले होते, "सांभाळून जा."

बाजारात वांगी घेताना आवडाबाई माळणीनं त्यांना धरलं. तिची लेक मेडशीला दिलेली.

"मास्तर, शिकेल मानूस तुमी, पन अक्कल कुठं ठेवली बाप्पा?"

"काय झालं?"

"मागच्या आखजीले मी लेकीकडं गेली होती. गावच्या साऱ्या लेकी सासरी निंगाल्या. तुमची मनकर्णा बी गाठोडं बांधून दारात बसेल! मी म्हनलं, कोन येऊन राह्यलं वं? त म्हने, दर साली बांधतो. दिवस बुडला का सोडतो."

मास्तरांच्या हातातलं वांगं हातातच राहिलं.

"ठिवा ते," आवडाबाई म्हणाली, "किडेल हाय."

आखजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली आणि शाळेला सुटी लागली. मास्तरांनी सेवालालची दमणी, छपराची बैलगाडी, ठरवली. मेडशीला सर्व्हिस मोटार जात होती, पण मोटारीच्या टपावर कोंबड्या असतात आणि बायको आणायची ती पडद्याच्या दमणीतून, एवढं त्यांना ठाऊक होतं. आत कापसाची नवी गादी अंथरली.

"मुऱ्हाळी कोन हाय, मास्तर?" सेवालालनं कासरा ओढत विचारलं.

"मीच."

सेवालाल थोडा वेळ बैलांशी बोलला. मग म्हणाला, "बरं हाय. कोनीतरी जाले पायजे."

मालेगावला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला ते मेडशीला पोचले. पारावर बसलेल्यांपैकी एकानं विचारलंच, "जवाईबापू, घरात गडी मानसं सरली का?"

"सरली," मास्तर म्हणाले. पारावरचा हशा तिथंच बसला.

दौलतरावच्या दारात मनकर्णा उभी होती. कडेवर एक लेकरू, दुसऱ्यानं पदर धरलेला. केसांत पांढरं आलं होतं. मास्तरांना तिनं क्षणभर ओळखलं नाही, किंवा ओळखल्यावर क्षणभर काही केलं नाही. यातलं कोणतं, ते मास्तरांना ठरवता आलं नाही.

"येनं झालं म्हना," ती म्हणाली. "पाय धुवा. पानी ठेवतो."

जेवण झाल्यावर दौलतराव सुपारीचं निमित्त करून बाहेर गेला. आत धाकट्याला थोपटत मनकर्णा बसली होती.

"न्याले आलो," मास्तर म्हणाले. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला एवढी वऱ्हाडी बोलायला इतकी वर्षं लागली.

तिनं थोपटणं थांबवलं नाही.

"वयनी फागुनात गेली. तापानं."

"मले मालूम नवतं."

"मालूम कसं राह्यनार? कोन सांगते?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे दोघं रात्री माह्याजवळ निजतात. दादा वावरात जाते. यायले टाकून कशी येऊ?"

"मागच्या साली येतो त..."

"मागच्या साली मी दारात होती." तिनं हे कुठलाही राग न आणता सांगितलं. पुढं म्हणाली, "तेरवीले बी होती. तुमी म्हनले, सांभाळून जा. मी लय सांभाळून आली."

मास्तर खाली बघत राहिले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिची बोटं उमटलेली होती.

"पुढच्या आखजीले येऊ?"

ती हसली. लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची तशी, ओठ मिटून. "लेकरं मोठी होऊ द्या. या पन. गाडी नाई आनली तरी चालते. जेवून जा."

उन्हं कलल्यावर निघायचं ठरलं. सेवालालनं बैल जुंपले. मनकर्णा वाटेसाठी शिदोरी घेऊन बाहेर आली. दोन भाकरी, वाटलेली मिरची, एक कांदा. एवढ्याला मूठभर फडकं पुरलं असतं. तिनं ते निळ्या काठाच्या मोठ्या फडक्यात बांधलं होतं, दोन गाठी मारून. फडक्याचा रंग गाठी पडायच्या त्याच जागी उडालेला होता.

"फडकं पोचवून देतो," मास्तर म्हणाले.

"राहू द्या. आता मले लागत नाई."

तिनं शिदोरी स्वतःच्या हातानं गादीवर ठेवली, गचके लागून घरंगळू नये म्हणून मागं टेकवली आणि लेकराला घेऊन आत गेली.

मास्तर पुढं, सेवालालच्या शेजारी धुरीवर जाऊन बसले.

"मास्तर, मांगं बसा ना. गादी मोकळीच हाय."

"असू दे."

गाव मागं पडलं. रस्त्यानं एक बाई डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन येत होती. दमणी बघून ती कडेला झाली आणि ओरडली, "कोनाची लेक चालली रे बाप्पा?"

"वाशीमच्या मास्तराच्या घरची," सेवालाल बैलांवरची नजर न काढता म्हणाला.

पश्चिमेचं ऊन मागून दमणीत शिरत होतं, गादीवर आणि गाठोड्यावर पडत होतं. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले, मागं गेले आणि पडदा सोडला.